वाचणारा जिना चढतो तेव्हा

जगतापकाका कुठल्याही वेबसाइटचा मजकूर लिहायला बसले, की आधी डोळे मिटतात. नवीन माणसाला वाटतं, दुपारची डुलकी. मलाही वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी टेबल वाजवलं, "काका, झोपलात?"

"शूऽऽ! जिना चढतोय."

"कोण?"

"वाचणारा!"

बडोद्यात फतेगंजला एका दुकानावरच्या दोन खोल्यांत माझं वेबसाइट बनवण्याचं छोटंसं ऑफिस आहे. काका कारखान्यातून निवृत्त झाले आणि माझ्याकडे आले. तिथे ते सुरक्षेच्या पाट्या लिहीत. 'हेल्मेट घाला' ही पाटी कुणी ढुंकून बघत नाही म्हटल्यावर त्यांनी लिहिलं, 'रमेशभाई, डोकं सांभाळा.' कारखान्यात सात रमेशभाई होते. सातही जण हेल्मेट घालायला लागले आणि काकांना मेमो मिळाला. अजून जपून ठेवलाय त्यांनी तो, मेडल असल्यासारखा.

गिऱ्हाईक म्हणतं, "आमचा टार्गेट ऑडियन्स म्हणजे पंचवीस ते पंचेचाळीस, शहरी, मध्यमवर्गीय." काका मला बाजूला घेतात. "बेन, हा माणूस राहतो कुठे? त्याला सासू आहे का?" आता हे मी गिऱ्हाइकाला कसं विचारू, सांगा! मग काका डोळे मिटतात. खिडकीबाहेर कडुलिंब हलत असतो, पंखा कुरकुरत असतो, आणि काका कुठल्या कुठे पोचलेले असतात.

एका गादीवाल्याच्या वेळी त्यांना मांजलपूरच्या नीलाबेन दिसल्या. स्कूटरवरून कामाला जातात, कंबर दुखते, पण घरात कुणाला सांगत नाहीत. काकांनी लिहिलं, 'दिवसभर सगळ्यांचं सगळं केल्यावर तुमची पाठ कुठे टेकते?' गादीवाला महिन्याभरात पेढे घेऊन आला. काकांनी एक पेढा कागदात बांधून ठेवला. "नीलाबेनचा." मी वैतागून तो खाल्ला, तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत! खरं सांगते, हल्ली मलाही दुपारी जिन्यावर चपला वाजल्यासारख्या वाटतात. कुणी नसतं.

गेल्या हिवाळ्यात एक नवीन काम आलं. मुलं परदेशात आणि आईवडील बडोद्यात एकटे, अशांच्या घरी मदतनीस पाठवणारे लोक होते. मालक म्हणाले, "छोकराओने थोडी बीक बतावो." म्हणजे मुलांना जरा घाबरवा, मग ती पटकन फॉर्म भरतील.

काकांनी डोळे मिटले. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले.

"आला का?" मी विचारलं.

"नाही गं. दारापर्यंत येतो आणि परत फिरतो."

मला कळायला हवं होतं. काकांचा अनिकेत कॅनडात आहे. काकी गेल्यापासून काका समा भागातल्या त्यांच्या घरात एकटेच. दर रविवारी मुलगा फोन करतो, "बाबा, कसे आहात?" आणि काका ओरडतात, "एकदम मजामां!" घरात गरबा चाललाय असं वाटावं. एकदा मी टोकलं होतं. तर म्हणाले, "खरं सांगितलं तर तो नोकरी सोडून येईल. आत्ता कुठे जम बसलाय त्याचा. त्याला कळता कामा नये." पुन्हा मी विषय काढला नाही.

"हे काम परत करू या का?" मी म्हटलं.

"छे! वाचणारा ओळखीचा आहे, म्हणून तर अडलंय."

पाचव्या दिवशी त्यांनी लिहून दिलं. त्यात भीती नव्हती. 'तुम्ही वाईट मुलं नाही. लांब आहात, एवढंच,' अशी सुरुवात होती. मला भरून आलं, म्हणून मी उगाच प्रिंटरवर चिडले. खाली फॉर्ममध्ये काकांनी एक प्रश्न स्वतःहून घातला होता: 'आईबाबा फोनवर काय सांगत नाहीत?' मालकांना सगळं आवडलं, हा प्रश्नसुद्धा.

साइट सुरू करण्याआधी फॉर्म एकदा भरून बघावा लागतो. दुसरा कुणी असता तर अबक लिहून मोकळा झाला असता. पण काकांना वाचणारा झाल्याशिवाय चैन पडतं का? त्यांनी डोळे मिटले, अनिकेत झाले आणि फॉर्म भरला. त्याचं नाव, त्याचा खराखुरा ईमेल, वडिलांचं नाव, त्या प्रश्नाचं उत्तर, सगळं. आणि बटण दाबलं. फॉर्म भरणाऱ्याला ईमेलवर पोच जाते आणि त्यानं लिहिलेलं सगळं तिच्यात असतं, हे मी त्यांना दहादा सांगितलं होतं. ऐकतात थोडेच!

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला काकांचा फोन वाजला. रविवार नव्हता. कॅनडात अजून उजाडायचं होतं.

"अरे, टेस्टिंग होतं ते! खोटं खोटं भरलं रे! मी एकदम मजा..."

काका थांबले. बराच वेळ नुसते ऐकत राहिले. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि समोर काकांनी भरलेला फॉर्म उघडला, कुठेतरी बघायला हवं म्हणून. उत्तराच्या चौकटीत लिहिलं होतं: 'बाबा एकट्यासाठी कुकर लावत नाहीत. चहात बिस्किटं बुडवून खातात आणि जेवलो म्हणतात. संध्याकाळी माझ्या खोलीतला दिवा लावून ठेवतात.'

मला एकदम रडूच आलं. रोज समोर बसणारा माणूस, आणि मी त्यांना साधं 'जेवलात का' विचारलं नव्हतं.

मागून काकांचा आवाज आला, अगदी हळू. "हो रे. खरंय ते. नाही, तू यायचं नाहीस हं, शपथ आहे... पण मध्ये मध्ये फोन कर. रविवार फार लांब पडतो रे."

त्यांनी फोन ठेवला. मी डोळे पुसून त्यांच्याकडे वळले. "काका, साइट सुरू करायचीय. तुमची ती टेस्टिंगची एंट्री काढून टाकू?"

काकांनी चष्मा पुसला, परत डोळ्यावर चढवला.

"राहू दे गं," म्हणाले, "ती खरी आहे."