कोपनहेगनचं ताक

नवऱ्याच्या धुवायच्या पँटच्या खिशात विभावरीला एक पोस्टकार्ड सापडलं आणि वॉशिंग मशीन तसंच उघडं राहिलं. पुढे कालव्याकाठची रंगीत घरं, मागे इंग्रजी अक्षरांत एकच ओळ : 'तुसिंद ताक, गुणवंत! – किम.' घरचं सगळं टपाल त्याच्या कंपनीच्या पेटीत येत असे, म्हणजे कार्ड त्यानं लपवूनच ठेवलेलं!

गुणवंत मागच्या महिन्यात कंपनीच्या कामाला कोपनहेगनला जाऊन आला होता. "मीटिंग, हॉटेल, एअरपोर्ट, खलास! गाव खिडकीतूनसुद्धा बघितलं नाही," असं त्यानं शपथेवर सांगितलं होतं. युरोप बघायचा तो दोघांनी मिळून, हे लग्नातच ठरलेलं. इथं आखातात, करामा भागातल्या दोन खोल्यांत बारा वर्षं तिनं त्याच आशेवर काढली होती. मग ही किम कोण? आणि ताक कसलं?

"मम्मा, आय डोन्ट नो डॅनिश!" म्हणून शुभ्रानं होमवर्कमधून मानसुद्धा वर केली नाही. शेजारची खतीजा पडली रत्नागिरीची, ती कशाला गप्प बसते!

"किम म्हणजे बाईच गो! अन् ताक तुझ्या घरवाल्यानंच पाजलं असणार."

झालं! घरी ज्यानं कधी पाण्याचा पेला हातानं घेतला नाही, तो परमुलखात कुणा गोऱ्या बयेला ताक घुसळून देतो? विभावरीचा नुसता जळफळाट झाला. खात्री करायला तिनं गुणवंतच्या ऑफिसातल्या सतीशला फोन लावला. तो तिकडे दोनदा जाऊन आलेला.

"वहिनी, तिकडच्या बायका उठताबसता ताकच म्हणतात! बॉस आला, ठेवतो."

संध्याकाळी गुणवंत घरी आला, तर टेबलावर दह्याचं भांडं, शेजारी रवी आणि कार्ड.

"घुसळा. तिला पाजलंत, आता आम्हालाही पाजा."

"कुणाला?"

"तुमच्या किमला!"

गुणवंत हसून हसून सोफ्यावर कोसळला. "अगं, ताक म्हणजे थँक्यू! तुसिंद ताक, हजार वेळा थँक्यू. आणि किम बाई नाही, सत्तरीचा टकला म्हातारा आहे. बोटीत शेजारी बसला होता. दिवसभर त्याचे फोटो काढून दिले मी. राजवाड्यासमोर, जलपरीच्या पुतळ्याशी, त्या बागेतल्या पाळण्यात..."

आणि त्याला आपलीच शपथ आठवली.

विभावरीनं रवी उचलून बाजूला ठेवली. किमची काळजी मिटली होती. तिनं खुर्ची ओढली आणि त्याच्या अगदी समोर बसली.

"पाळण्यातसुद्धा बसलात?" तिनं विचारलं. "बाई असती, तर एक वेळ माफ केलं असतं."