बारा वाजेपर्यंत टिकवायचं भांडण

भांडण मिटवण्याच्या कामात माझा हात धरेल असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. हे मी गर्वाने सांगत नाही. गेली सोळा वर्षं आमच्या समेट केंद्राच्या वार्षिक अहवालात हे वाक्य आहे, आणि अहवाल मीच लिहितो! आमच्याकडे शेजारी येतात, भागीदार येतात, एकमेकांचं तोंड न बघणारे सख्खे भाऊ येतात. गोल टेबलाशी बसतात (गोल अशासाठी, की मुख्य खुर्ची कुणाची यावरून नवीन भांडण नको) आणि तासाभरात हात मिळवून जातात. कोर्टापेक्षा स्वस्त, शिवाय चहा मिळतो.

हे सगळं चालतं एका न्यासाच्या अनुदानावर. यंदा त्यांचं पत्र आलं, 'अहवाल पुष्कळ वाचले. या वेळी आमच्या प्रतिनिधी एक भांडण मिटताना प्रत्यक्ष पाहतील. पुढच्या तीन वर्षांचं त्यानंतर ठरवू.' नाही ठरवलं, तर दोन खोल्यांचं आमचं केंद्र बंद. मी घरी आणि ताईही घरी. ताई म्हणजे आमचं ऑफिस. फोन, फायली, चहा आणि खरं सांगायचं तर निम्मी मध्यस्थी त्याच करतात.

"अगदी सोपं आहे," मी बायकोला म्हणालो. "एक चांगलंसं भांडण निवडायचं, त्या मॅडमसमोर मिटवायचं, की झालं काम!"

"चांगलंसं म्हणजे? भाजीसारखं दाबून बघणार का?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. पण निवडायला गेलो तर त्या आठवड्यात आमच्याकडे एकच भांडण शिल्लक! तळमजल्यावर दुकान असलेले टेलर मास्तर आणि त्यांच्या डोक्यावर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई. बाई गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायच्या, ते मातीसकट खाली ठिबकायचं, ते नेमकं मास्तरांनी इस्त्री करून टांगलेल्या पँटींवर. सहा महिने बोलणं बंद. मधल्या काळात मास्तरांनी छताला छत्री बांधली होती, आणि बाईंनी त्या छत्रीकडे बघून पाण्याचं माप वाढवलं होतं. असं मुरलेलं भांडण नशिबाने मिळतं! मी दोघांना गुरुवारी अकराची वेळ दिली.

गुरुवारी दोघं पावणेअकरालाच हजर. बाकाच्या दोन टोकांना, दोन दिशांना तोंडं करून बसले. मी दारातून ते दृश्य डोळे भरून पाहिलं. इतक्यात फोन वाजला. मॅडमची गाडी वाटेत बंद पडली होती, पोहोचायला बारा वाजणार होते.

"अजिबात घाई करू नका!" मी म्हणालो आणि दहा मिनिटांनी बाहेर आलो, तर काय! दोघं बाकाच्या मधोमध बसलेले! ताईंनी चहाचा एकच ट्रे मध्ये ठेवला होता, त्यामुळे दोघांना सरकावं लागलं. सरकल्यावर मास्तरांना बाईंच्या पिशवीचा उसवलेला बंद दिसला. मास्तरांच्या कॉलरला कायम दोऱ्याची सुई टोचलेली असते. आता ते टाका घालत होते आणि बाई चष्मा वर करून बघत होत्या.

"काय बारीक टाका हो मास्तर! मशीनला जमणार नाही."

"अहो बाई, त्यात काय. आणि त्या पाण्याचं म्हणाल, तर पाणीच ते. वाळतं."

वाळतं? सहा महिन्यांचं भांडण आणि वाळतं? अजून बाराला पंचावन्न मिनिटं होती!

"मास्तर," मी मध्ये पडलो, "अकरा पँटींचं नुकसान असं विसरून कसं चालेल?"

"नऊ होत्या," मास्तर टाका न सोडता म्हणाले.

"पण तुमच्या अर्जात अकरा लिहिलंय. शिवाय बाईंना उद्देशून 'वरची पाणचक्की' असंही लिहिलंय."

बाईंनी चष्मा खाली घेतला. "पाणचक्की?"

"रागात लिहून गेलो हो..."

"चाळीस वर्षं शाळा चालवली मी! पिशवी द्या इकडे!"

भांडण पुन्हा पेटलं. मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू! दोघांना लगोलग दोन खोल्यांत बसवलं, म्हणजे निदान तासभर तरी टिकेल. जाताना ताईंना सांगितलं, पाणी हवं असेल तर द्या. ही माझी चूक. अर्ध्या तासाने बघतो, तर मास्तर वहीत पन्हळीचं चित्र काढताहेत आणि बाई दुसऱ्या खोलीत आकाशी रंगाच्या कागदावर माफीची चिठ्ठी लिहिताहेत!

मी ताईंना कोपऱ्यात घेतलं. "ताई, तुम्ही काय केलंत?"

"काहीच नाही सर. नुसतं ऐकून घेतलं."

"अहो, ऐकून घेतल्यानेच तर मिटतं!"

"मग काय करू? सोळा वर्षं तुम्हीच शिकवलंत."

त्यांचं बरोबर होतं. म्हणूनच मला जास्त राग आला. बाराला दहा कमी होते. आता माझ्या हातून जे झालं, ते मी अहवालात लिहिलेलं नाही. मी मास्तरांच्या खोलीत गेलो आणि सहज बोलल्यासारखं म्हणालो, "बाई म्हणत होत्या, तुमच्या पँटीचा एक पाय आखूड असतो." मग बाईंच्या खोलीत जाऊन म्हणालो, "मास्तर म्हणत होते, तुमच्या बागेत तणाशिवाय काही उगवत नाही." बाहेर येऊन घड्याळाकडे पाहिलं. दोन्ही दारं एकदम उघडली.

"कुठला पाय आखूड असतो, बाई?"

"कोण म्हणालं असं? आणि माझ्या जास्वंदीला तण म्हणालात तुम्ही?"

"मी? मला तर ती जास्वंद आवडते! पाणी कमी घातलंत तर आणखी आवडेल."

मग दोघांनीही सावकाश माझ्याकडे पाहिलं. माझं चांगलं चाललेलं भांडण माझ्या डोळ्यांदेखत दिशा बदलत होतं.

"काड्या लावता?" मास्तर ओरडले.

"या वयात?" बाई ओरडल्या. "उभे राहा!" मी उभाच होतो, तरी आणखी ताठ झालो.

"माझं जरा ऐकून घ्याल का!" मीही ओरडलो. आता सांगायला लाज वाटते, पण टेबलावर हातही आपटला.

"वा, सुरू झालं वाटतं!" दारातून आवाज आला. मॅडम वही उघडून उभ्या होत्या. "बाजू कुणाकुणाच्या?"

"इकडे आम्ही दोघं," मास्तर म्हणाले.

"तिकडे हे," बाई म्हणाल्या.

"आणि मध्यस्थ?"

ताईंनी हळूच हात वर केला.

आमच्या केंद्राची एक पद्धत आहे. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने परत सांगायचं. तो 'बरोबर' म्हणेपर्यंत स्वतःची बाजू मांडायची नाही. ही पद्धत मी शेकडो लोकांना शिकवली. ती किती कडू असते ते त्या दिवशी कळलं.

"सर, सांगा बघू," ताई माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तशा बोलल्या. "या दोघांचं म्हणणं काय आहे?"

"यांचं म्हणणं असं की, यांचं भांडण मिटत आलं होतं आणि मी... मी ते खोटं बोलून पेटवलं."

"बरोबर!" दोघं एका सुरात म्हणाले.

"आता तुमची बाजू मांडा," ताई म्हणाल्या.

मॅडमची पेन्सिल थांबली. मी टेबलाकडे बघत सगळं सांगून टाकलं. मॅडमसमोर मिटवायला एक तरी भांडण हवं होतं. नाही तर केंद्राला कुलूप लागलं असतं, आणि ताईंना उद्यापासून येऊ नका असं मला सांगावं लागलं असतं. ते मला जमलं नसतं.

ताईंनी उगीचच कपबशा सरळ केल्या.

"अहो, मग आधी सांगायचं ना!" बाई म्हणाल्या. "आम्ही भांडलो असतो की छान!"

"सहा महिन्यांचा सराव होता," मास्तर म्हणाले. "यांच्यासारखी भांडणारी बाई शोधून सापडायची नाही."

"तुम्हीसुद्धा काही कमी नाही हं, मास्तर," बाई लाजून म्हणाल्या.

चाळीस मिनिटांत लेखी समझोता झाला. कुंड्यांखाली ताटल्या, पाणी दुकान उघडायच्या आधी, छत्री काढायची. शेवटचं कलम माझ्याबद्दल होतं. समेटाच्या वेळी संचालकांनी ताईंच्या परवानगीशिवाय तोंड उघडायचं नाही. मी सही केली, मॅडमनी साक्षीदार म्हणून सही केली. गेटपर्यंत त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. फक्त गाडीत बसल्यावर रुमालात तोंड खुपसून बराच वेळ खोकत होत्या. खोकला असेल असं मी धरून चाललो.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. तीन वर्षांचं अनुदान मंजूर! ताईंचा पगारही वाढवलेला. मी सगळ्यांना पेढ्यांऐवजी पत्रच वाटणार होतो, तेवढ्यात दुसरा परिच्छेद वाचला. 'तुमच्या भागात या कामाची गरज आता उरली आहे का, अशी आम्हाला शंका होती. तुमचे संचालक भेटल्यावर ती राहिली नाही.'

पत्र चौकटीत घालून गोल टेबलासमोर लावलंय. येणारे जाणारे कौतुकाने वाचतात. चौकटीची खालची पट्टी जरा रुंद वाटते असं काही जण म्हणतात. पण तशीच मिळाली, काय करणार!