हंड्यावर बसलेला शिकारी

माझ्या हातून आजवर ढेकूण सोडून एकही जीव मेलेला नाही. (ढेकूणसुद्धा बायकोच मारते, मी दिवा धरतो.) असा मी, लवू धुरी, शिकारीच्या भानगडीत पडलो तो नुसती मान हलवल्यामुळे.

आमचे तळपदे साहेब शिकारी. परवाना, बंदूक, खाकी टोपी, गुडघ्यापर्यंत बूट, सगळं होतं. फक्त शिकार नव्हती. दर शनिवारी कचेरी सुटली की ते येऊरकडच्या रानात जायचे आणि सोमवारी डास चावलेले हात घेऊन परत यायचे. त्यांच्या भाच्याने विलायतेहून एक बाटली पाठवली होती. आतलं पाणी झाडावर शिंपडलं की वासाने हरणं धावत येतात, असं तिच्यावर छापलं होतं. साहेबांनी अर्धी बाटली शिंपडली. धावत आला तो फॉरेस्टचा गार्ड, परवाना बघायला.

"हंबग!" सोमवारी साहेब कडाडले. "वासाने हरीण येतं हे शुद्ध थोतांड आहे. काय धुरी?"

आता मान उभी हलवायची की आडवी, एवढाच प्रश्न होता. पण मी तेव्हा टेंपररी होतो. माझं लग्न झालं तेव्हाही टेंपररीच होतो, आणि 'लवकरच कायम होतोय' या बोलीवर सासऱ्यांनी मुलगी दिली होती. मला कायम करायचा कागद साहेबांच्या सहीसाठी त्यांच्याच टेबलावर पडला होता. माझा एक डोळा साहेबांवर, दुसरा कागदावर. त्या गडबडीत मान तिरपी हलली.

"म्हणजे? येतं म्हणता?"

"येतं ना साहेब," मी म्हणालो. एकदा घसरल्यावर माणूस मधेच थांबतो थोडाच? "पण विलायती वास आपल्या हरणांना काय कळणार? आमच्या कोकणात मोहाची फुलं भिजत घालतात. ती आंबली की त्या वासावर डोंगरातून भेकरं, सांबरं खाली उतरतात."

हे मला मामाने सांगितलं होतं. (याच मामाने एकदा वाघाला छत्री उघडून दाखवली आणि परत पाठवलं, असंही सांगितलं होतं.)

"गुड! शनिवारी घेऊन या. हरीण आलं तर तुम्ही खरे." नाही आलं तर काय, ते साहेब बोलले नाहीत. त्यांनी फक्त तो कागद उचलला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

आम्ही राहायचो बोरिवलीला, मागाठाण्यात, इसिडोरच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत. इसिडोर आमचा घरमालक, तिथल्या गावठाणातला पिढीजात माणूस. घरामागे त्याचा भाजीचा मळा, मळ्यामागे कुंपण आणि कुंपणापलीकडे एकदम डोंगर. आसपासच्या रानातलं त्याला सगळं ठाऊक, म्हणून मी त्यालाच गाठलं.

"इसिडोर, मोहाची फुलं मिळतील काय?"

त्याने आधी खिडकी लावून घेतली. "किती?"

"हंडाभर. आमच्या साहेबांना शनिवारी पाहिजेत."

"साहेब पन?" इसिडोर माझ्याकडे बघतच राहिला. "लवू, तुला मी साधा मानूस समजत होतो रं."

मी त्याला हरणांचं सगळं समजावून सांगितलं. त्याने डोळा मारला. "हां हां, हरीण. बराबर. कोनी विचारला तर हरीणच सांगायचा. मी कोनाला बोलनार नाय. पन इस्टरला दोन बाटल्या माझ्या, काय?"

तेव्हा दारूबंदी अगदी जोरात होती आणि मोहाची दारू काढतात हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण माझ्या डोक्यात हरणं शिरली होती, तिथे दुसऱ्या कशाला जागा नव्हती. इसिडोर कोणाला बोलला नाही म्हणजे फक्त गावठाणात बोलला. दुसऱ्या दिवसापासून माझी पत वाढली. ज्याने कधी नमस्कार घेतला नव्हता, तो माझ्या तब्येतीची चौकशी करू लागला. विहिरीवर वनमालेला, म्हणजे माझ्या बायकोला, बायका आधी पाणी भरू देऊ लागल्या. मी समजलो, कायम होणार ही बातमी फुटली.

फुलं भिजली, उन्हाळ्याने आंबली, आणि शुक्रवारपर्यंत हंड्याने असा काही वास सोडला की घरात उदबत्ती लावली तर तीही झिंगल्यासारखी वाकडी जळायची.

"ह्या उचला हयसून," वनमाला नाकाला पदर लावून म्हणाली. "आज गुणाजी येतलो जेवूक. आंबोळये करतंय त्याच्यासाठी."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यातली हरणं पळाली. गुणाजी तिचा थोरला भाऊ. दारूबंदी पोलिसात जमादार.

हंडा उचलायला मी वाकलो आणि दारात बूट वाजले. दुसरं काहीच सुचेना. मी हंड्यावर ताट ठेवलं, ताटावर पाट ठेवला आणि पाटावर मी बसलो.

गुणाजी आत आला आणि बूट काढता काढताच थांबला. त्याचं नाक आधी उजवीकडे गेलं, मग डावीकडे, मग सरळ माझ्याकडे.

"भावोजी, ह्यो वास कसलो येता?"

"आंबोळयांचा पीठ आंबलाहा," वनमाला चुलीजवळून म्हणाली. मान वर न करता. बायकोबद्दल मला जितका आदर त्या क्षणी वाटला, तितका लग्नातही वाटला नव्हता.

गुणाजीने पिठाच्या टोपावरचं झाकण काढलं आणि नाक आत घातलं. "हां! झकास आंबलाहा." मग माझ्याकडे वळला. "पण तुम्ही असे उंचावर कित्याक बसलात?"

"पाठ धरलीय," मी म्हणालो. खालून हंडा बुडबुडला. "आणि पोटही बिघडलंय."

गुणाजी जेवायला बसला. जेवता जेवता तो कामाच्या गोष्टी सांगू लागला. "परवा एकाक धरलो. दारू नाय, काय नाय. नुसती मोहाची फुलां गावली घरात. ती ठेवणापण गुन्होच. सरकारी क्लार्क होतो बिचारो. गेली नोकरी."

कायम होणं दूरच राहिलं, टेंपररीही जाणार, वर बेडी. आणि ती घालणार कोण, तर सख्खा मेहुणा! वनमालेच्या हातातली आंबोळी तव्यावरच करपली.

एवढ्यात दारात इसिडोर. हातात काचेचा ग्लास.

"लवू, झाली काय? पिनार नाय रं, इस्टरपरेंत लेंटचे उपास चाललेत. नुसता वास..." तेवढ्यात त्याला खाकी कपडे दिसले.

"काय झाली काय?" गुणाजीने विचारलं.

"आंबोळी," इसिडोर म्हणाला.

"गिलासात?"

"आमच्यात तशीच खातात."

गुणाजी हात धुऊन उठला. इसिडोरच्या खांद्यावर हात टाकून त्याला ओटीवर घेऊन गेला आणि गिलासातून आंबोळी खायची रीत नीट विचारू लागला. "उठा आता!" वनमाला दात आवळून म्हणाली. आम्ही दोघांनी हंडा धरला, मागच्या दाराने मळा ओलांडला आणि सगळी फुलं, पाण्यासकट, कुंपणापलीकडे ओतली. परत येऊन हंडा राखेने घासला.

ओटीवर इसिडोर शेवटपर्यंत आंबोळीला चिकटून राहिला. गुणाजी आत आला, त्याने घर हुंगलं, पिठाच्या टोपाकडे एकदा संशयाने पाहिलं आणि सुपारी तोंडात टाकून निघून गेला. तो वळणापलीकडे गेल्यावर वनमाला मटकन खाली बसली. "माझ्याच भावान माझ्याच घोवाक धरून नेल्यान असतो तर?" ती म्हणाली आणि रडू लागली. मग हसू लागली. मीही हसलो. इतकं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं.

सुटलो खरा, पण शनिवार उजाडला आणि साहेबांना द्यायला वास नव्हता. घरात आंबलेलं म्हणावं असं एकच होतं. उरलेलं पीठ मी कडीच्या डब्यात भरलं.

"हे पांढरं कसं?" साहेबांनी विचारलं.

"आंबल्यावर पांढरं होतं, साहेब." (खोटं बोलायला मी आता बसल्या बसल्या शिकलो होतो.)

साहेब डबा घेऊन येऊरला गेले. मी घरी येऊन देवापुढे बसलो. हरीण येऊ दे, असं मागायचं होतं. पण डोळे मिटले की समोर एखादं पाडस पीठ चाटताना दिसायचं आणि साहेबांची बंदूक. मला काही मागवेना. दिवेलागणीला वनमालेने मागच्या दारातून हाक मारली.

"अहो, मळ्यात कोणाची तरी म्हस रिगली हा."

मी बाहेर आलो. "म्हशीच्या शिंगांना फांद्या फुटतात काय गं?"

सांबर होतं. कुंपण मोडून उभं, थोराड, तोंडात इसिडोरचा मुळा. कुंपणापलीकडची फुलं साफ झाली होती. मामा खरं बोलला होता! (छत्रीचंही आता तपासून बघायला हवं.) सांबराने आमच्याकडे बघितलं, कान हलवले, मुळा संपवला आणि सावकाश डोंगराकडे चालू लागलं. थोडं तिरपंच चालत होतं.

"गेला गो बाय सुखरूप," वनमाला हळूच म्हणाली. मलाही फार बरं वाटलं. ते इथे होतं आणि बंदूक येऊरला होती, यापेक्षा चांगली व्यवस्था देवानेही केली नसती. मग आठवलं, की येऊरला काहीच आलेलं नसणार.

सोमवारी साहेबांनी बोलावलं.

"धुरी, एकही जनावर आलं नाही."

मी खाली बघितलं.

"पण अर्धा डबा उरला होता. मिसेसने उघडला आणि आंबोळ्या काढल्या. अहो, काय सांगू! मोहाच्या फुलांच्या इतक्या जाळीदार आंबोळ्या होतात, हे मला माहीतच नव्हतं." साहेबांनी ड्रॉवरमधून कागद काढला, सही केली आणि शाई टिपता टिपता म्हणाले, "हरणाचं राहू द्या. दर शनिवारी एक डबा आणत जा."

घरी येऊन वनमालेला सांगितलं, तशी तिने देवापुढे साखर ठेवली, माझ्या हातावरही ठेवली. डोळे पुसले. मग मी डब्याचं सांगितलं.

"पीठ कोण वाटतलो?" तिने विचारलं.

वासाने हरीण येतं की नाही, यावर कचेरीत अजून वाद चालतो. मला विचारलं तर मी मान हलवत नाही, हात वर करून दाखवतो. रगड्याचे घट्टे आहेत. दर शुक्रवारी मी वाटायला बसतो, इसिडोर दारावरून जाताना ग्लास उंचावून विचारतो, "लवू, अजून आंबोळीच काय रं?" आणि मागून वनमाला पिठात बोट घालून बघते.

"बारीक वाटा," ती म्हणते. "कायम झालात म्हणान जाडांभरडां चलाचा नाय."