चिकटलेलं पान

“ढमालेवहिनींची लेक उद्या…” एवढंच रजनीताईंच्या कानावर पडलं आणि पुढचं वाक्य लिफ्ट वर घेऊन गेली. कॉलनीत प्रत्येक घराचे दिवस पत्त्यांच्या कॅटातून निघतात. सकाळी वरचं एकच पान उचलायचं आणि त्यावर असेल तो दिवस काढायचा. तेव्हा उद्याचं आजच कुणाला कळलं असेल, तर काहीतरी घोटाळा होता. रजनीताई वाटीभर साखर मागायला ढमाल्यांकडे गेल्या. साखर घरात होती.

तिथे बोधले नावाचे पंच आधीच येऊन बसले होते.

“दोन पानं कशी उचलली गेली?”

“काकवीचा हात होता हो,” ढमालेवहिनी म्हणाल्या. “वरच्याला खालचं चिकटून आलं. मी मुद्दाम कशाला बघू?”

“खालच्यावर काय दिसलं?”

“माझी रेवती. दारात उभी, हातात बॅग.” रेवतीला भांडून जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यानंतर फोनसुद्धा नाही.

बोधल्यांनी पानाचा वास घेतला, काकवीची खात्री केली आणि वहीत ‘चूक, लबाडी नव्हे’ असं लिहिलं. “एक ताकीद. आणि हे पान उरलेल्या पानांत घालून सगळा कॅट पिसावा लागेल.”

“मग ती कधी येईल?”

“उद्या येईल, नाहीतर वीस वर्षांनी. पान हरवत नाही.”

“वीस वर्षांनी मी असेन का?”

“ते कॅटाच्या जाडीवर आहे.”

रजनीताईंना राहवेना. “साहेब, पान बघायच्या आधीपासूनच ठाऊक असलेलं असेल, तर ते पिसतात का?”

“नाही. ते जागेवरच राहतं.”

“मग लिहून घ्या. रेवतीनं स्वतः सांगितलं होतं. जाताना दारात म्हणाली, ‘येते.’ मी ऐकलंय.”

“तुम्ही कुठे होता?”

“माझ्याच घरात. दाराला कान लावून.”

“निघताना सगळेच ‘येते’ म्हणतात, बाई. ‘जाते’ कोण म्हणतं?”

“तेच म्हणते मी! शब्द येण्याचाच आहे ना?”

बोधल्यांनी चहा संपेपर्यंत विचार केला. “येणं आधी कळलं होतं, हे मान्य. पण कोण येणार, ते त्या शब्दात नाही.”

त्यांनी कात्रीनं पान आडवं कापलं. दार आणि बॅग उद्यासाठी राहिली. चेहऱ्याचा तुकडा त्यांनी आपल्या पिशवीतल्या इतर घरांच्या लेकींच्या चेहऱ्यांत टाकला, नीट पिसलं, एक तुकडा न बघता काढला आणि पालथा चिकटवला. वहिनींनी सही केली. रजनीताईंनीही केली, कशाखाली ते त्यांना नीटसं समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला ढमाल्यांची बेल वाजली, तेव्हा रजनीताईंचं दारही उघडंच होतं. बॅग घेऊन एक ठेंगणी, चष्मेवाली मुलगी उभी होती. रेवती चांगली उंच होती.

“आई, चुकलं माझं,” मुलगी म्हणाली आणि रडायला लागली.

वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. मग आतून भाकरतुकडा आणला, तिच्यावरून ओवाळला. “ये. हातपाय धू आधी.”

मुलगी आत गेल्यावर रजनीताई कुजबुजल्या, “अहो वहिनी, ही आपली नाही.”

“कुणाची तरी आहेच की.”

“मग रेवती?”

“तीही पोचली असेल कुठेतरी.” वहिनी तुकडा टाकायला जिन्याच्या खिडकीपाशी गेल्या आणि तिथेच थांबल्या. “रजनीताई, तिला कारलं चालत नाही. ती सांगेल ना त्यांना?”