खासदार उजवा पाय

विदरबी मतदारसंघातून सलग सातव्यांदा निवडून आला तो कॅप्टन होरेस बँडल यांचा उजवा पाय.

लढाईत तो गुडघ्याखाली तुटला, तेव्हा गावकरी म्हणाले, देशासाठी गेला तो पाय. कॅप्टनचं बाकीचं अंग तर जेवायला वेळेवर घरी आलं, त्याचं मेलं कसलं कौतुक! झालं, पायाला तिकीट मिळालं. आणि खरं सांगायचं तर ब्रिटिश संसदेत पायाचं काही अडलं नाही. तिथे मतदान म्हणजे 'होय'वाल्यांनी एका दालनातून चालत जायचं, 'नाही'वाल्यांनी दुसऱ्या. डोकं लागतंच असं नाही. सव्वीस वर्षं पाय चकचकीत बुटात मागच्या बाकावर बसला आणि पक्षाचा प्रतोद दाखवेल त्या दारातून गेला.

कॅप्टन त्याच्यावर जळायचे. पण त्या शुक्रवारी ते नाक मुठीत धरून पायाच्या कार्यालयात गेले. नव्या युद्धाचा ठराव येणार होता, आणि तो मंजूर झाला की पहिली रवानगी त्यांच्या मुलाच्या, सिरिलच्या पलटणीची होती.

"एकुलता एक आहे रे," कॅप्टन बुटाकडे बघत म्हणाले. "तुझाही कुणीतरी लागतोच की तो!"

पाय हलला नाही. चिटणीस मिस टिलकॉट यांनी वही उघडली.

"माननीय सदस्यांनी ऐकून घेतलं आहे. आपलं त्यांच्याशी नातं?"

"मी त्याचा वरचा भाग."

"म्हणजे मतदार," असं म्हणून बाईंनी तसं लिहिलं.

सोमवारी कॅप्टन प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसले. मतदानाची घंटा झाली. पाय उठला आणि दोन दारांच्या मधोमध थबकला. कॅप्टन कठड्यावरून पुढे वाकले. प्रतोद नुसता खाकरला. पाय टकटक करत 'होय'च्या दालनात शिरला.

"नालायका, पोराला घालवलंस!" कॅप्टन ओरडले.

शिपायाने त्यांना अदबीने बाहेर काढलं. सभागृहात बोलायचा हक्क फक्त सदस्यांना असतो. ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला.

गुरुवारी स्टेशनवर बँड लावला होता. पलटणीला निरोप द्यायला खासदार जातीने आले होते. सिरिलने नजर समोर ठेवून बुटाला कडक सॅल्यूट ठोकला. कॅप्टन कुबड्या टेकत, धक्के खात मुलापर्यंत पोहोचले. त्याच्या बाहीला हात लावणार, तोच वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने कॅमेरा वर केला.

"आजोबा, जरा बाजूला व्हा. खासदारसाहेब झाकले जातायत."

कॅप्टन बाजूला झाले.