दुसरा पुरवठादार

दुष्काळाच्या वर्षी, मे महिन्यात, बीड बायपासलगतच्या सातारा परिसरातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एकाच सकाळी दोन वेगवेगळ्या मालकांचे टँकर येऊन उभे राहिले. दोन्ही कन्नडकर सरांनी ठरवले होते.

"सर, आमच्यावर भरोसा नाय का?" पहिल्या टँकरवाल्याने विचारले.

"पूर्ण आहे. निम्मं पाणी तुम्ही आणा, निम्मं हे आणतील."

"मंग ह्याला कशाला बोलावलं?"

"तुमच्यावरचा भरोसा टिकावा म्हणून."

पुढच्याच आठवड्यात पहिल्याला बीड बायपासवरच्या एका नव्या इमारतीचे काम मिळाले आणि त्याने आमचे फोन उचलणे बंद केले. दुसरा येत राहिला. सोसायटीने सरांना हसणे थांबवले.

कन्नडकर सर अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आमच्या समोरच्या दारात राहतात. सरकारी खरेदीचे धोरण आणि संरक्षण उद्योग हा त्यांच्या संशोधनाचा विषय. लष्कराने कोणतीही वस्तू एकाच कारखान्याकडून घेऊ नये, हे त्यांचे मत. लष्कराने ते अजून पुरते मानलेले नाही. सरांनी मात्र घरी लागू केले आहे. त्यांचे दूधवाले दोन, इस्त्रीवाले दोन, न्हावी दोन.

"ही कटिंग कुणी केली? लई वाकडी हाय," एक न्हावी विचारतो.

"तुम्ही सरळ करा. पुढच्या वेळी तो घाबरेल."

वाळूजच्या कारखान्यांत ते जुन्या स्कूटरवर हिंडतात. लष्करी गाडीचा एक वॉशर बनवणाऱ्या मालकाला त्यांनी विचारले, "हा फक्त तुम्हीच बनवता. उद्या तुम्ही आजारी पडलात तर?"

"सर, सकाळी सकाळी असं नका बोलू," मालक म्हणाला आणि त्याने चहा मागवला. सरांनी तो घेतला. समोरच्या कारखान्यातही घेतला.

त्याच उन्हाळ्यात दिल्लीच्या एका परिषदेत निबंध वाचायचे त्यांना बोलावणे आले. खरेदीचे नियम ठरवणारे अधिकारी समोर बसणार होते. इतकी वर्षे सरांना हेच हवे होते. अडचण घरात होती. त्यांच्या पत्नी सुधाताईंना विस्मरणाचा आजार आहे आणि त्या फक्त सरांच्या हातून जेवतात.

सरांनी माझ्या पत्नीला, मालतीला, सगळे शिकवले. "भाकरी वरणात कुस्करायची. घास पुढं करताना 'सुधे' म्हणायचं. 'ताई' म्हटलं की तिला वाटतं आपण पाहुणे आहोत."

तालमीसाठी सर आमच्याकडे येऊन बसले. दोन्ही दारे उघडी होती. मालतीने "सुधे" म्हणून घास पुढे केला. सुधाताईंनी तोंड मिटून घेतले. मग दाराकडे पाहत विचारले, "हे कुठं गेले?"

दुसऱ्या दिवशी पगारी बाई आली. तेच झाले.

त्यानंतर मी गेलो तेव्हा सर बॅगेतले शर्ट काढून पुन्हा कपाटात ठेवत होते.

"अजून एखादी बाई पाहू," मी म्हणालो. "दुसरी सोय होईल."

"नाही होत. मी बघितलं ना."

"आणि निबंध?"

"निबंध काय, कुणीही वाचेल."

दिल्लीत तो त्यांच्या एका विद्यार्थिनीने वाचला. त्या दुपारी सुधाताईंनी भाकरी संपवली आणि आणखी वरण मागितले.