शैलाताईंच्या बाई

होळीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पोळीवर एक वेणी उमटली. तीन पेडांची, खाली रिबीन बांधलेली. सकाळी अर्धवट झोपेत डब्याची पोळी लाटून उचलली आणि मी किंचाळलेच. नवरा धावत आला, त्यानं पोळी उजेडात धरून पाहिली आणि मग पोळपाट. वेणी पोळपाटावरच कोरलेली होती.

पोळपाट आदल्याच रात्री शैलाताईंकडून परत आला होता. मंडळाच्या पुरणपोळ्यांसाठी म्हणून त्यांनी कॉव्हेंट्रीतल्या तीन मराठी घरांतून पोळपाट गोळा केले होते. पुरणपोळ्या शेवटी दुकानातूनच आल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मी तावातावानं शेजारी गेले. दार उघडलं तर ताईंचे हात कोपरापर्यंत निळे.

"वेणी तुझ्याकडे गेली होय!" त्या म्हणाल्या. "आणि मी लॉफ्ट पालथा घातला. आण इकडे. कणीक धुऊन आण हं, बाईंना चालणार नाही."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच!

शैलाताई म्हणजे इथल्या शाळेतल्या रिटायर्ड गणिताच्या शिक्षिका. एकट्याच राहतात. आमची घरं सेमी-डिटॅच्ड, मधली भिंत कागदासारखी पातळ. त्या भिंतीतून रोज संध्याकाळी "बाई, तुमचं म्हणणं पटलं, पण..." असा वाद ऐकू येतो. बाई मात्र कधी बोलत नाहीत, कारण त्यांना वारूनच आता किती वर्षं झाली.

या बाई म्हणजे मिस विनिफ्रेड थॉर्नबी. शंभर वर्षांपूर्वी त्या शैलाताईंच्याच घरात राहायच्या. दिवसभर मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची, संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून लाकूड कोरायचं. रेषांचा एक ठसा आणि प्रत्येक रंगाचा वेगळा, असे एकावर एक छापून चित्र पुरं करायचं. ही जपानी पद्धत, त्यामुळे रंगात तांदळाची खळ. लग्न केलं तर शिक्षिकेची नोकरी जायची, असा तेव्हाचा नियम. बाईंनी चालून आलेला नवरा परत पाठवला. "आणि तो बँकेतला होता!" हे ताई आजही अशा धक्क्यानं सांगतात, की स्थळ जणू त्यांच्याच घरी आलं होतं.

लंडनला बाईंची चित्रं एकदा प्रदर्शनात लागली. पुढं त्या गेल्या, सामान विकलं गेलं, चित्रं कुठं पांगली कुणास ठाऊक. ताईंना लॉफ्टमध्ये सापडला तो फक्त एक ठसा, रेषांचा. खिडकीशी बसून चित्र काढणारी शाळकरी मुलगी. रंगाचे ठसे गायब. ताईंच्या मनानं घेतलं, की रंग आपण कोरायचे आणि बाईंना पुन्हा भिंतीवर लावायचं. गावातल्या म्युझियमला त्यांनी बोलावूनसुद्धा ठेवलं होतं. त्यासाठी लाकूड मात्र आमचं: वेणी माझ्या पोळपाटावर, फ्रॉक कुलकर्ण्यांच्या, आकाश जोशांच्या. मी नाइलाजानं पोळपाट धुऊन दिला.

म्युझियमची रिया आली तेव्हा मीही होते. इथंच जन्मलेली, गोड मुलगी. चित्र बघून म्हणाली, "आजी, हा चित्र खूप सुंदर आहे! But the colours तुमचे आहेत ना? मग only मिस थॉर्नबीचं नाव नाही टाकता येत. तुम्ही खाली पेन्सिलनं साइन करा. साइन नसेल तर I can't hang it."

"बाईंच्या चित्रावर मी सही करू?" ताई कडाडल्या. "नाही म्हणजे नाही!"

"मग नाही लागणार, आजी. Sorry."

ताई मटकन खाली बसल्या. बाई पुन्हा लॉफ्टमध्ये जाणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"ताई, करा ना सही," मी म्हटलं. "कोरलंय तर तुम्हीच."

"मला कुठं येत होतं गं?" त्या हळूच म्हणाल्या. "साताऱ्याला शाळेत चित्रकलेचा तास लागला, की वडील मला घरी घेऊन जायचे. गणित पुरे, म्हणायचे. मी जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं. मला हवं ते शिकवायला कधी कुणी आलंच नाही. हा ठसा सापडला, तेव्हा त्याच्यावर बोट फिरवत फिरवत शिकले. इथं हात कसा वळवलाय, इथं लाकूड का सोडलंय. चुकलं की बाईंनाच विचारायची."

मला भिंतीपलीकडचे ते सगळे वाद आठवले. आम्ही त्यावर किती हसलो होतो.

रियानं पेन्सिल पुढं केली. ताईंनी हात साडीला पुसले, ताठ बसल्या आणि चित्राखालच्या कोऱ्या जागेत बारीक, वळणदार अक्षरांत लिहिलं. मी वाकून वाचलं.

"शैला. थॉर्नबीबाईंची विद्यार्थिनी."